शामायची बादली

दिवाळी अंकासाठी एखादी घरगुती आठवण लिहून पाठवा, असे पत्र आले तेव्हा मी ती सरळ लिहायला बसले नाही. आधी तीन-चार बऱ्या आठवणी मनात घोळवून पाहिल्या. माहेरचा तुळशीवृंदावनाचा ओटा, आजीची पैठणी, पहिल्या पगारातून घेतलेला रेडिओ. सगळ्या साजऱ्या, सगळ्या सोवळ्यातल्या. पण दिवाळी जवळ आली, चिवड्यासाठी पोहे उन्हात घातले, की मला दर वर्षी आठवते ते एक डुक्कर.

वाचकहो, नाक मुरडू नका. म्हणजे मुरडा, मीही मुरडले होते. आमच्या घरात ह्या प्राण्याचे नाव निघायचे ते मुलांना रागवताना, नाही तर रस्त्यावरची घाण पाहून. त्याच घराच्या देवघरात दशावताराची तसबीर होती आणि तीत तिसऱ्या जागी वराह विराजमान होते. त्यांना आम्ही रोज हळदकुंकू वाहत होतो! चित्रातल्याला नमस्कार आणि रस्त्यावरच्याला दगड, ही आमची रीत. तीत काही चुकते आहे असे मला वयाच्या तेहतिसाव्या वर्षापर्यंत वाटले नव्हते.

१९८८ च्या जून महिन्यात ह्यांची बँकेतली बदली काणकोणला झाली. गोव्याचा हा अगदी दक्षिणेकडचा तालुका. पुण्याच्या दोन खोल्यांतून उठून आम्ही एका कौलारू घराच्या अर्ध्या भागात बिऱ्हाड मांडले. पुढे बाल्कांव, म्हणजे दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे ओटे असलेली पडवी. मागे विहीर, माड, फणस आणि त्यापलीकडे कुडाचे एक आवार. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्या आवाराच्या बाजूला. सामान लावून मी खिडकी उघडली, आणि समोर एक काळी कुळकुळीत डुकरीण गुडघाभर चिखलात उभी राहून माझ्याकडे अत्यंत शांतपणे पाहत होती. मी खिडकी लावून घेतली. ती पुढे पंधरा दिवस उघडली नाही.

घरमालकीण साठीच्या पुढची ख्रिस्ती बाई होती. सगळा वाडा तिला शामाय म्हणे. तिकडे ख्रिस्ती घरांत आजीला शामाय म्हणतात. मीही तेच म्हणू लागले आणि ती मला 'बाय' म्हणू लागली. नवरा वारलेला, मुलगा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, आणि सोबतीला एक लग्नाला आलेली नात. ती कोंकणीत बोलायची, मी माझ्या पुणेरी मराठीत. चार दिवसांत कुणाचे काही अडेनासे झाले. तिचे बोलणे मी इथे माझ्याच भाषेत देते. तिच्या कोंकणीची नक्कल करायचे धाडस मला नाही.

खिडकी उघडायला लावली ती त्या बादलीने. रोज सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता मागल्या दारी बादलीचा खडखडाट व्हायचा, आणि त्याबरोबर आवारातून असा काही आनंदाचा गलका उठायचा की आमचा धाकटा दूध टाकून खिडकीशी धावायचा. एकदा त्याच्यामागे मीही गेले. शामाय बादलीतले काहीतरी दगडी डोणीत ओतत होती आणि ओतता ओतता बोलत होती. मी विचारले, "शामाय, रोज काय घालता हो एवढे?"

ती म्हणाली, "ये आणि बघ. खाणे बघायला लाजायचे नसते."

त्या बादलीत काय नव्हते! तळाशी तांदळाचे धुवण आणि पेजेवरची निवळ. त्यात भाताचा कोंडा कालवलेला. त्यावर मूठभर खोबऱ्याची पेंड, आदल्या दिवशीचे उरलेसुरले, मासळीची डोकी आणि आतडी उकडून. वरून रताळ्याचा वेल, नाही तर अळूची पाने. ही अळूची पाने मात्र कधी कच्ची नाहीत. कच्चे अळू खाजते ते माणसाच्या घशाला, तसेच डुकराच्याही घशाला; उकडले की खाज मरते. दिवस बदलत तशी बादली बदलायची. उन्हाळ्यात काजूच्या बोंडूंचा रस फेणीसाठी काढून घेतला की उरलेला चोथा, मग फणसाची साले आणि उकडलेल्या आठळ्या, पावसात रानभाज्या, सुगी झाली की शेतात सांडलेले दाणे. घरात विकत आणायची वस्तू काय ती पेंड, तीही शेराने नव्हे, मुठीने.

"नुसता कोंडा घातला," शामाय म्हणायची, "तर पोट वाढते, पाठ वाढत नाही."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. त्याचे शास्त्र मला पुढे कळले, आणि तेही फार महागात. पण ते सांगण्याआधी ह्या खाण्याचा आणखी एक अध्याय सांगायला हवा. तो सांगताना जीभ अडखळते. तरी सांगितल्याशिवाय हकिगत पुरी होत नाही. पूर्वी गोव्याच्या खेड्यांतून घरामागे उंचावर शौचकूप असे आणि त्याच्या खालच्या उतारावर डुकरे असत. झाडलोटीचे काम तीच करीत. शामायच्या घरचा तसला आडोसा मुलाने पैसे पाठवून दोन वर्षांपूर्वी पाडला होता आणि खड्ड्याचा संडास बांधला होता. शहरच्या माणसाला त्या जुन्या व्यवस्थेची किळस येते. पण तिचा खरा दोष किळस हा नव्हे. माणसाच्या पोटात एक पट्टकृमी असतो. त्याची अंडी विष्ठेतून डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या मांसात गाठी धरतात. ते मांस कच्चे राहिले तर खाणाऱ्याच्या पोटात पुन्हा तोच कृमी वाढतो. आणि ती अंडीच जर घाणेरड्या हातांतून किंवा न धुतलेल्या भाजीतून माणसाच्या पोटात गेली, तर गाठी माणसाच्या मेंदूतही होतात आणि त्याला फेफरे येऊ लागते. त्यात डुकराचा अपराध एवढाच की आपण जे घातले ते त्याने खाल्ले.

पण आडोसा पाडला, तसा डुकरांच्या पोटाचा एक भाग शामायच्या बादलीवर येऊन पडला. "आता दोन वेळा पुरे घालावेच लागते," ती म्हणायची. त्या 'पुरे'साठी तिने शेजारपाजारच्या चार घरांतून धुवण जमवायला सुरुवात केली होती. आमचे पाचवे घर. मी स्वयंपाकघराच्या दाराशी एक जुना डबा ठेवला आणि त्यात भाज्यांची देठे, ताटातले उरलेले, तांदळाचे धुवण टाकू लागले. आमच्या घरचे खरकटे कुणाच्या उपयोगी पडते, ह्याचे मला नवल वाटे, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटे. दोनच महिन्यांत मी डुकरांची अन्नदात्री झाले!

त्या सुमारास हे रोज संध्याकाळी बँकेतून डुकरांच्याच कथा घेऊन येत. तालुक्यात काही जणांनी कर्जे काढून विलायती पांढरी डुकरे घेतली होती. सिमेंटचा गोठा, पाण्याचा नळ, सगळा थाट. तसले डुक्कर चांगल्या खुराकावर सहा-सात महिन्यांत ऐंशी-नव्वद किलोचे होते. आपले देशी त्याच्या निम्मे भरले तरी शाबास म्हणायचे. हिशेब कागदावर फार गोजिरा दिसे. पण त्या खुराकात मका लागे, पेंड लागे, सुक्या मासळीची भुकटी लागे, आणि हे सगळे विकत. एका कर्जदाराने पैसे संपल्यावर त्या पांढऱ्या पाहुण्यांना कोंडा आणि पेज घालायला सुरुवात केली. पाहुणे खंगले. त्याच कोंड्यापेजेवर शामायची काळी डुकरीण वर्षाला दोन वेते देत होती.

"म्हणजे देशी चांगले आणि विलायती वाईट?" मी ह्यांना विचारले.

"तसे नव्हे," हे म्हणाले. "मोठ्या पगाराचा माणूस छोट्या गावात आणून ठेवला, आणि पगार बंद केला."

ह्या वाक्यावर आम्ही दोघेही हसलो. पण लवकरच मला हसू येईनासे व्हायचे होते.

दिवाळी आली. परगावातली पहिलीच दिवाळी, म्हणून मी हौसेने सगळे फराळाचे केले. चिवडा करताना मात्र घोटाळा झाला. मीठ एकदा मी घातले आणि मी विहिरीवर गेले असताना मदतीच्या उत्साहात एकदा ह्यांनी घातले. चिवडा तोंडात धरवेना. अडीच किलो पोह्यांचा! त्यातच पुण्याहून आणलेल्या खारातल्या कैऱ्यांच्या बरणीला बुरशी आली. टाकून द्यायचे जिवावर आले होते. आणि घरामागे तर आयती तोंडे होती.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शामायच्या मुलीला मडगावला प्रसूतीसाठी नेले, आणि शामाय व नात दोघीही तिकडे गेल्या. जाताना शामाय मला म्हणाली, "बाय, तीन दिवस माझी पोरे तुझ्या हवाली. कोंडा काढून ठेवला आहे. सकाळ-संध्याकाळ पेज घाल, आणि पाणी बघ."

पोरे म्हणजे दोन. एक ती काळी डुकरीण. तिला ऑगस्टअखेर नर दाखवला होता आणि ती गाभण होती. दुसरा एक खच्ची केलेला हुल्लड गडी, वर्षभर खाऊन चांगला गुबगुबीत झालेला. तो जानेवारीत नातीच्या लग्नासाठी राखून ठेवला होता. तिकडे लग्नघरी डुक्कर असणे म्हणजे आपल्याकडे लाडवांची परात असण्यासारखे. त्यावाचून मांडव लागत नाही. शामायने तो वर्षभर मुठीमुठीने वाढवला होता. एरवी ही दोघे दिवसभर मोकळी हिंडत, ओहोळावर पाणी पीत. पण सुगीचे दिवस होते, शेतांत भात उभे होते. म्हणून त्यांना आवारात कोंडले होते. पाण्यासाठी आत एक लोखंडी घमेले होते.

पहिल्या दिवशी मी पेजेत निम्मा चिवडा कालवला. दोघांनी मिटक्या मारीत खाल्ला. दुसऱ्या दिवशी उरलेला चिवडा आणि वर बरणीतला खार. तोही गेला. डोण चाटूनपुसून लख्ख! मला धन्य धन्य वाटले. घमेले मात्र त्या गड्याने नाकाने उलथून दिले होते. ते मला कुडावरून दिसत होते. आत शिरून ते उचलायची मला भीती वाटली. पेजेत पाणी असतेच की, असे मी मनाला समजावले. उद्या शामाय येईलच.

तिसऱ्या दिवशी सकाळी बादली खडखडली, पण गलका उठला नाही. मी कुडावरून वाकून पाहिले. गडी कोपऱ्यातल्या माडाच्या बुंध्याला कपाळ टेकवून उभा होता, आणि जणू तो बुंधा मागे सारायचा आहे असा रेटत होता. मी हाक मारली. त्याने कानही हलवला नाही. मग तो कुत्र्यासारखा ढुंगणावर बसला, मान वर वर गेली, आणि सगळे अंग थरथरू लागले. तोंडाला फेस. क्षणभराने थांबला, उठला, आणि पाठीमागे पाठीमागे चालत कुडावर आदळला. डुकरीण लटपटत होती, पण उभी होती. तिने खाल्ले कमी होते. हुल्लड गड्याने तिला डोणीशी धड येऊ दिले नव्हते. तिचे तेच नशीब ठरले.

हे सायकल काढून सरकारी पशुवैद्यांकडे धावले. तोवर मी एक शहाणपणा करणार होते. घमेले भरभरून पाणी आत ओतणार होते. विहिरीतून दोन कळश्या ओढूनही झाल्या होत्या. सुदैवाने आत जायची भीती अजून गेली नव्हती, म्हणून थांबले. डॉक्टर आले. त्यांनी जनावरांकडे पाहिले आणि मला एकच प्रश्न विचारला.

"पाणी कधी प्यायली होती?"

मी काय घातले ते सगळे सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, की रागावले नाहीत. कुडाशी उभ्या उभ्या त्यांनी मला समजावून सांगितले, ते आजही माझ्या कानांत आहे. डुकराला मीठ लागते. शंभर किलो कोरड्या खाद्यात अर्धा किलो मीठ पुरे. त्याहून जास्त गेले तरी पिण्याला भरपूर पाणी असेल तर ते लघवीवाटे काढून टाकते. किलोभर कोरड्या खाण्याला दोन-तीन लिटर पाणी त्याला हवेच. पण मीठ फार आणि पाणी नाही, असे झाले की ते मीठ मेंदूत साठते. "मारते ते मीठ नव्हे, बाई. मारते ते पाणी नसणे." आणि आता जर एकदम पोटभर पाणी दिले, तर साठलेल्या मिठाकडे पाणी धाव घेईल, मेंदू सुजेल, आणि उरलेले जनावरही जाईल. पाणी द्यायचे, पण थोडे थोडे, थांबून थांबून.

माझ्या हातातली भरलेली कळशी मी खाली ठेवली. माझ्या दयेने एकदा मारले होते. ती दुसऱ्यांदाही मारायला निघाली होती.

त्या दिवशी दुपारपासून मी त्या आवारात होते. भीती कुठे गेली कोण जाणे. अर्ध्या अर्ध्या तासाने तांब्याने थोडेसे पाणी डुकरिणीपुढे धरायचे आणि तिने अधिकासाठी नाक पुढे केले की तांब्या मागे घ्यायचा. तहानलेल्या जिवापुढून पाणी मागे घेणे ह्यासारखे अवघड काम मी जन्मात केलेले नाही. ती माझ्याकडे पाही. पहिल्या दिवशी चिखलातून पाहिले होते तशीच, शांतपणे. गड्याला पाणी गिळताच येत नव्हते. पहाटे चारच्या सुमारास तो गेला. डुकरीण सकाळी उठून डोणीशी गेली आणि डोण हुंगू लागली.

त्याच सकाळी पहिल्या बसने शामाय आली. नात झाली होती, म्हणून आनंदात होती. बाल्कांवातच मी तिला सगळे सांगितले. काही लपवले नाही. ती ऐकून घेऊन मागे गेली, त्या गड्याच्या अंगावर एक पोते घातले, आणि बराच वेळ उभी राहिली. असे मेलेले जनावर खाता येत नाही. माडाखाली खड्डा खणून त्याला पुरले. मी पैसे पुढे केले. तिने घेतले नाहीत. मी रडू लागले, तेव्हा ती म्हणाली, "तू वाईट म्हणून नाही घातलेस, हे मला ठाऊक आहे. पण बाय, आपल्याला नको झालेले म्हणजे त्याचे खाणे नव्हे. त्याला काय हवे ते बघून घालायचे. त्याला पोट आहे, पण सांगायला तोंड नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "पैसे नकोत. डुकरीण विते तोवर बादली तू कर. मी सांगेन तशी."

ही शिक्षा होती की क्षमा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पुढचे सहा आठवडे मी शामायची शागीर्द झाले. डॉक्टरही अधूनमधून येत आणि शामाय जे सांगे त्याला शास्त्राचे नाव देत. डुकराचे पोट गाईसारखे चार कप्प्यांचे नसते. ते आपल्यासारखे एकच. म्हणून गवत-पेंढ्यावर ते जगू शकत नाही. आपल्यासारखेच त्याला दाणा हवा, डाळ-मासळी हवी, पाला हवा. देशी जात पाला आणि कोंडा विलायतीपेक्षा बऱ्या रीतीने पचवते एवढेच. पण कोंड्यात आणि तांदळात लायसिन नावाचा एक घटक कमी पडतो, आणि तो कमी पडला की मांस धरत नाही, नुसती चरबी आणि पोट. खोबऱ्याच्या पेंडीतही तो थोडाच. तो येतो मासळीतून आणि कडधान्यांतून. "पोट वाढते, पाठ वाढत नाही" ह्याचा अर्थ हा! शामायने लायसिन हा शब्द जन्मात ऐकला नव्हता; पण मासळीची डोकी ती कधी टाकत नसे. फक्त कापायच्या आधी काही आठवडे मासळी बंद करी, नाही तर मांसाला हिवस वास येतो.

गाभणीला पहिले अडीच महिने बेताचे घालायचे. फार माजली तर विताना अडते. शेवटचा महिना मात्र हात सोडायचा, कारण पिले पोटात वाढतात ती तेव्हा. शेंगदाण्याच्या पेंडीला जरा जरी बुरशी दिसली तरी टाकायची. त्या बुरशीचे विष डुकराच्या काळजाला झोंबते. कोंबलेले बटाटे नाहीत. आणि पाणी आधी, खाणे मग. घमेल्याच्या जागी आम्ही दगडी डोण बसवली. ती उलथायला हत्तीच यायला हवा होता.

डुकराचे गाभणपण एकशे चौदा दिवसांचे. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा सोपा हिशेब. विण्याआधी दोन दिवस मी तिला कोंड्याची पातळ आंबील दिली, कोठा साफ राहावा म्हणून. नाताळच्या चार दिवस आधी ती व्याली. सात पिले, त्यांतले एक मेलेले, सहा जिवंत. मी आणि शामाय कंदील घेऊन बसलो होतो. सहावे पिलू धडपडत आईच्या सडाला लागले, तेव्हा शामायने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या रात्रीनंतर मला स्वस्थ झोप लागू लागली.

त्या पांढऱ्या डुकरांच्या सिमेंटच्या गोठ्यात त्याच सुमारास पिले फिकी पडून मरत होती. ह्यांनी डॉक्टरांना कारण विचारले. पिलू जन्माला येते तेव्हा त्याच्या अंगात साधारण पन्नास मिलिग्रॅम लोह असते. रोजची गरज सात ते दहा, आणि आईच्या दुधातून मिळते जेमतेम एक. "म्हणजे आठवड्याभरात खाते कोरडे!" हे बँकेच्या भाषेत उद्गारले. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोहाची सुई टोचायची. आणि शामायची पिले? ती चौथ्या दिवशी आवाराबाहेर पडून काणकोणच्या तांबड्या मातीत नाके खुपसत होती. त्या मातीचा रंग लोहाचाच. सिमेंटवर स्वच्छता होती, पण त्या स्वच्छतेत पिलांचे रक्त वाळत होते.

जानेवारीत नातीचे लग्न झाले. शामायने दुसऱ्या वाड्यातून डुक्कर विकत घेतले आणि त्याच्या पैशांसाठी दोन पिलांचा आगाऊ सौदा केला. वर्षभराची ती मुठी-मुठीची पुंजी माझ्या चिवड्यात गेली होती. लग्नात मी लाडू केले. शामायने ते सगळ्यांना वाटले आणि म्हणाली, "बायने केले आहेत. मीठ नाही त्यात." सगळा मांडव हसला, मीही हसले, आणि डोळे पुसले.

१९९१ मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. शामाय आता नाही. तिच्या तालुक्यातल्या आगोंद गावाचे नाव मात्र पुढे मोठे झाले: कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने 'आगोंदा गोवन' ही डुकराची देशी जात म्हणून नोंदली. बंगालची घुंगरू, मेघालयाची नियांग मेघा, नागालँडची तेन्यी वो ह्या तिच्या पंक्तीला. त्या डोंगरांतही कोंडा, अळू आणि रताळ्याचे वेल एका मोठ्या भांड्यात शिजत असतात, असे वाचते तेव्हा मला शामायची बादली दिसते. २०१९ च्या पशुगणनेत मात्र देशातली डुकरे सात वर्षांत शेकडा बारांनी घटून नव्वद लाखांवर आली होती. त्यातच २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकी डुक्करतापाची साथ शिरली. ती माणसाला होत नाही, पण खरकट्यातल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यावाटेही पसरते. म्हणून खरकटे घालायचेच तर ते आधी अर्धा तास चांगले उकळावे, आणि तसले मांस तर घालूच नये. शामाय मासळी उकडून घालायची, ते उगीच नव्हे.

आता आमच्या इमारतीत ओल्या कचऱ्याचा हिरवा डबा आहे. दिवाळीनंतर तो फराळाने ओसंडतो. शेजारच्या एक बाई परवा म्हणाल्या, "कुणा मुक्या जनावराला तरी घालावे हो, पुण्य लागेल." मी त्यांना आत बोलावले, चहा केला, आणि ही सगळी हकिगत सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या गच्चीवर कावळ्यांना शेव घालते, तिथे पाणीसुद्धा ठेवायला हवे."

हवेच. चिवडा परातीत काढला की मी अजून आधी चव घेऊन पाहते. ह्यांना मिठाच्या बरणीला हात लावायची मनाई आहे, ती १९८८ पासून.